मेळघाट: होळीच्या आठवड्यात एका मतदारसंघातून

महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांपैकी 25 जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्यातली 41 क्रमांकाची जागा मेळघाट. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके आणि खालच्या अचलपूर तालुक्याचा थोडा भाग मिळून हा मतदारसंघ होतो. 2011 च्या जनगणनेत धारणी तालुक्यात सुमारे 1 लाख 85 हजार माणसं होती, चिखलदऱ्यात सुमारे 1 लाख 19 हजार. दोन्हीकडे दर चार माणसांमागे तीन आदिवासी, आणि त्यात कोरकू सर्वांत जास्त.

निवडणुका आल्या की मी मतदारसंघांची माहिती वाचत बसते. लोकसंख्या किती, राखीव का, शेती किती, मजूर किती. कधीतरी एखादा मतदारसंघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचा, असं मनात होतं. अमरावतीचा मामेभाऊ धारणी तालुक्यात बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेवर होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "होळीले ये ताई. तवाच मेळघाट घरी राह्यते." म्हणून 2025 च्या होळीच्या आठवड्यात गेलो.

पहिला दिवस: अमरावती, परतवाडा, चिखलदरा

अमरावतीहून परतवाड्याला जायला दीड तास पुरतो. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, हरभरा काढून मोकळी झालेली शेतं, तुराट्यांचे ढीग. सकाळी दहालाच ऊन चटके देत होतं.

परतवाडा मेळघाट मतदारसंघात येत नाही, पण मेळघाटचा पैसा इथूनच फिरतो. सागाच्या लाकडाचा जुना व्यापार इथला. सोयाबीन विकायला इथं यायचं, ट्रॅक्टरचा सुटा भाग इथून न्यायचा, मोठं आजारपण आलं तर आधी इथं आणि मग अमरावतीला. बस स्थानकात गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. पोती, गाद्यांच्या वळकट्या, ॲल्युमिनियमची पातेली, कडेवर पोरं, आणि एका पोराच्या हातात नवीकोरी पिचकारी. सगळी मंडळी वीटभट्ट्यांवरून आणि गव्हा-हरभऱ्याच्या कामांवरून घरी निघालेली.

धारणीच्या बसची वाट बघणाऱ्या एका बाईंशी बोललो. दिवाळीनंतर त्या नवऱ्यासोबत भट्टीवर गेल्या होत्या. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली, ती विटा पाडून फेडायची. हिशेब हजार विटांवर. दोघांनी मिळून काम करायचं आणि खात्यात नाव मात्र नवऱ्याचं. "होली के बाद फिर जाना है क्या?" भावानं विचारलं. "हिसाब बाकी है गुरुजी," त्या म्हणाल्या. गुरुजी हा शब्द ऐकून मी चमकले. त्यांचा मोठा मुलगा भावाच्या वर्गात होता.

दुपारनंतर घाट चढून चिखलदऱ्याला पोचलो. समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरच्या वर आल्यावर हवा एकदम बदलते. संध्याकाळी स्वेटर घालावा लागला.

गाडीनं येणाऱ्यांनी पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्यावं आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. आत बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नाही, म्हणजे मोबाइलवरून पैसे देणंही नाही. होळीच्या सुट्टीत चिखलदऱ्याला खोल्या आधी ठरवलेल्या बऱ्या.

दुसरा दिवस: गाविलगड, मोथा, आमझरी

सकाळी गाविलगड पाहिला. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला आणि दोनच दिवसांत नागपूरच्या भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. तटावरून दक्षिणेला वऱ्हाडचं सपाट रान दिसतं आणि उत्तरेला एकामागे एक डोंगर. जिल्हा तोच, पण इकडची दुनिया वेगळी आणि तिकडची वेगळी, हे इथं उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसतं. जिल्ह्याची साक्षरता 2011 मध्ये 87 टक्क्यांवर होती. तो आकडा वर नेला तो खालच्या सपाटीनं. डोंगराचा आकडा त्याच्या बराच खाली आहे. जिल्ह्याच्या सरासरीवरून मेळघाट कधीच कळायचा नाही.

चिखलदरा ही या मतदारसंघातली जुनी नगरपरिषद, वस्ती जेमतेम पाच हजारांच्या आसपास. इंग्रजांनी लावलेली कॉफी अजून आहे. पावसाळ्यात आणि सुट्ट्यांत इथं पर्यटकांची रीघ लागते. आम्ही उतरलो तिथं वाढपी, स्वयंपाकी आणि झाडलोट करणाऱ्या मावशी सगळे आसपासच्या गावांतले. गर्दीच्या महिन्यांत हातात पगार, एरवी ज्याचं त्यानं बघायचं.

मोथ्याला रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला ठेवली होती. छोटी, गडद लाल आणि चक्क गोड. विकणाऱ्या काकू गवळी होत्या. या पठारावर गवळ्यांची बरीच गावं आहेत. दूध घाटाखाली पोचवणं अवघड, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते आटवून खवा करून विकतात. घराच्या मागच्या बाजूला चुलीवर मोठी कढई होती. काकू उभ्या राहून लांब दांड्याच्या उलथन्यानं दूध घोटत होत्या. कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा मधे ढकलायची, हात क्षणभर थांबला तर तळ लागतो. आम्हाला द्रोणात गरम खवा दिला, वर थोडी साखर. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, मग स्ट्रॉबेरी दुप्पट घेतली.

त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती कुठल्याही तक्त्यात दिसणार नाही. वनहक्क कायदा 2006 चा. आदिवासी कुटुंबाचा 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमिनीवर ताबा असेल तर दावा करता येतो. गवळ्यांसारखे इतर पारंपरिक वननिवासी असतील तर त्या तारखेआधी तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. "आमचा आजा इथंच मेला, पन कागद कोठून आनू?" काकू म्हणाल्या. शेजारच्या वाडीतल्या कोरकू घराला पट्टा मिळाला, यांना नाही. त्यांच्या बोलण्यात शेजाऱ्याबद्दल आकस नव्हता. कागदाचा त्रास तेवढा होता.

येताना आमझरीला थांबलो. मधाचं गाव म्हणून ते आता ओळखलं जातं. मध घ्यायचा तर गावातूनच घ्यावा, पैसे थेट घरात जातात.

तिसरा दिवस: सेमाडोह, कोलकास, हरिसाल

चिखलदऱ्याहून सेमाडोहला उतरणारा रस्ता सागाच्या रानातून जातो. पानगळ झालेली, जमिनीवर सुकलेल्या पानांचा थर, मधेच पळस पेटल्यासारखा फुललेला. सिपना नदी सेमाडोहजवळ भेटते आणि पुढे बराच वेळ सोबत करते. इथलं सगळं पाणी तापीला जातं.

1973-74 मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हा पहिल्या नऊंत मेळघाट होता. गुगामल राष्ट्रीय उद्यान 1987 चं. मतदारसंघाच्या मोठ्या भागावर वन खात्याची सत्ता आहे. रस्ता डांबरी करायचा, विजेची तार न्यायची, विहीर खोदायची, प्रत्येक गोष्टीला वनाची परवानगी. लोकसभेच्या 2024 च्या निवडणुकीत रंगूबेलीच्या बाजूच्या काही गावांनी वीज, पाणी आणि रस्त्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकला होता.

व्याघ्र प्रकल्पातून गावं बाहेर काढली जातात, तेव्हा मतदारसंघाची लोकसंख्याही बाहेर जाते, हे मला इथं येईपर्यंत सुचलं नव्हतं. बोरी, कोहा, कुंड या गावांचं पुनर्वसन झालं ते अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात. केलपाणी, गुल्लरघाटची माणसंही त्याच बाजूला गेली. कोरकू माणूस मेळघाटात असतो तेव्हा त्याच्या मतदारसंघात बहुसंख्य असतो. अकोटच्या सपाटीवर तो मूठभर होतो, आणि त्या मतदारसंघाची जागा राखीव नाही. जमीन, पाणी, दिलेली वचनं पुरी झाली नाहीत म्हणून जानेवारी 2019 मध्ये पुनर्वसित कुटुंबं परत जंगलात गेली आणि वन कर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला. वाघासाठी जागा हवी हे मलाही पटतं. पण ज्याला उठवलं त्याचा आवाजही तिथंच राहून जातो, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

कोलकासला नदीच्या वळणावर डबा खाल्ला. ज्वारीची भाकरी, झुणका, कांदा.

हरिसाल 2016 पासून डिजिटल गाव म्हणून गाजलं. आम्ही थांबलो ते एका तरुणाच्या दुकानात, जिथं तो जातीच्या दाखल्याचे, पीक विम्याचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. त्याच्याकडे रांग होती. बारावीनंतर पुण्याला कंपनीत वर्षभर राहून तो परत आला. "इथं माझं काम लागते लोकायले," तो म्हणाला.

अंधार पडल्यावर या रस्त्यानं गाडी नेऊ नका. वळणं अवघड आहेत आणि जनावरं रस्त्यावर येतात. जंगल सफारी करायची असेल तर ती आधी ऑनलाइन ठरवावी लागते.

चौथा दिवस: धारणीचा बाजार

होळीआधीचा आठवडी बाजार. मला या प्रवासातली सर्वांत जास्त माहिती कुठं मिळाली असेल तर ती इथं.

धारणीत कोरकू, हिंदी, निमाडी आणि वऱ्हाडी एकाच वेळी कानावर पडतात. खंडवा, बऱ्हाणपूर जवळ, त्यामुळे कपडा, किराणा, भांडी तिकडूनही येतात. कोरकू ही मुंडा भाषांच्या कुळातली. 2011 मध्ये देशात तिचे सव्वासात लाखांवर भाषक नोंदले गेले, बहुतेक मध्य प्रदेशात. शाळेत आलेल्या पोराला घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि पुस्तकात मराठी. पहिलीच्या वर्गात आधी त्यांची भाषा आपण शिकायची, हे माझ्या भावाचं म्हणणं, आणि तो बाजारात त्यांच्याशी कोरकूतच बोलत होता.

एका रांगेत बाया छोट्या टोपल्या मांडून बसल्या होत्या. कुटकी आणि सावा ही भरडधान्यं, कुळीथ, तीळ, सुकलेला मोह, चिंच, थोडी चारोळी. मापाला पितळी शेर. समोरच्या रांगेत बाहेरचे व्यापारी, त्यांच्याकडे वजनकाटे. टोपलीतलं धान्य विकायचं आणि त्याच पैशात तेल, गूळ, मीठ, मुलांचे कपडे घ्यायचे. कुटकी विकून रेशनचा तांदूळ खायचा, असं बऱ्याच घरांत चालतं. शेतात आता सोयाबीन आला, तो सगळाच बाजाराला जातो. घरात खायला उरेल असं धान्य कमी झालं.

टोपलीमागे बसलेल्या एका आजींना भावानं वर्षाचं गणित विचारलं. त्यांनी बोटांवर मोजलं. होळीनंतर मोह. मे महिन्यात तेंदूपत्ता. पावसाळ्यात स्वतःच्या एक-दोन एकरांत पेरणी आणि दुसऱ्याच्या शेतात निंदण. दिवाळीला सोयाबीन. त्यानंतर गावात काही नाही, म्हणून भट्टी किंवा सपाटीवरची शेती. रोजगार हमीचं काम निघालं तर पोरं थांबतात. त्या वर्षी हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. पण पैसे खात्यात कधी येतील ते सांगता येत नाही, आणि मुकादम उचल आधी देतो. भुकेलं घर आधी मिळणारा पैसा निवडणार, त्यात कुणाला बोल लावायचा?

जनगणनेच्या तक्त्यात या आजींच्या घरापुढे शेतकरी किंवा शेतमजूर अशी एकच खूण असेल. प्रत्यक्षात ते घर पाच वेगवेगळ्या कमाया जोडून वर्ष काढतं.

दुपारी एका खानावळीत मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि लसणाचा ठेचा. पोट भरून, मन भरून. संध्याकाळी लवाद्याचं बांबू केंद्र पाहिलं. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं. बांबूच्या राख्या, टोपल्या, फर्निचर. घरी बसून हाताला काम मिळालं की माणसं थांबतात, याचा पुरावा इथं बघायला मिळाला. राख्यांची मागणी आधी कळवली तर ते पाठवतात.

पाचवा दिवस: गावातली होळी

धारणीपासून तासाभरावर असलेल्या एका गावात गेलो, जिथं भाऊ पूर्वी शिकवायला होता. गावाचं नाव देत नाही, कारण पाहुणचारावर गर्दी झालेली त्यांना परवडणार नाही. सरळ एक रुंद गल्ली आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची ओळ, ही कोरकू गावाची रचना. भिंती शेणानं सारवलेल्या, दारांवर चुन्याची ताजी नक्षी.

सकाळी सहाला मोहाखाली गेलो. झाडाखालची जमीन पालापाचोळा काढून साफ केलेली. फुलं रात्रभर टपटप पडत राहतात आणि उन्हं यायच्या आत वेचायची असतात. हातात घेतली की ओलसर, गरगरीत, पिवळट, आणि वास असा की बोटांना दिवसभर राहतो. एक मुलगी दोन्ही हातांनी वेचत होती, मी एक मूठ गोळा करेपर्यंत तिची टोपली निम्मी. अंगणात पसरून तीन-चार दिवस वाळवली की तांबूस मनुक्यासारखी होतात. एका घराच्या झाडांवर त्याच घराचा हक्क, हे गाव ठरवतं.

अंगणवाडीत ताई वजनकाटा पुसून ठेवत होत्या. मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी 1993 मध्ये देशभर गेली, तेव्हापासून न्यायालयात याचिका आहेत, योजना आहेत, अधिकाऱ्यांचे दौरे आहेत. 2015 पासून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचा चौरस आहार मिळतो, ती अमृत आहार योजना. ताईंनी त्यांची अडचण एका वाक्यात सांगितली: "बाई भट्टीवर गेली का तिचा डबा माझ्याकडं राह्यते न पोट तिच्यासंगं जाते." दिवाळीला बरं वजन असलेलं लेकरू होळीला परत येतं तेव्हा उतरलेलं असतं. कुपोषणाबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण त्याचा स्थलांतराशी इतका सरळ धागा मला या ताईंनी दाखवला. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी अनेक वर्षं राहून काम केलं, 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉक्टर असो की अंगणवाडीताई, इथं टिकून राहणाऱ्या माणसाचं मोल मोठं आहे.

रात्री होळी पेटली. ढोलकी, बासरी आणि बायांची लांब ओळ, एकमेकींच्या कमरेला हात घालून, पावलं एका ठेक्यात. हा कोरकूंचा गदली सुसून नाच. बाहेरून आलेली तरुण मंडळी नवीन शर्टांत, म्हाताऱ्या त्यांच्या नावानं गाण्यात चिमटे काढत होत्या. मलाही ओढून ओळीत घेतलं. पाय चुकले तर शेजारची नुसती हसून हात घट्ट धरायची. जेवणात कुटकीचा भात, कोंबडीचा रस्सा, पुरी. भावाचे जुने विद्यार्थी त्याच्या पाया पडायला येत होते, एक पोलीस भरतीची तयारी करतो, एक सुरतेला, तिघे भट्टीवर.

दुसऱ्या दिवसापासून फगवा. रस्त्यावर बाया दोरी आडवी धरून गाडी थांबवतात, गातात, हक्कानं फगवा मागतात. सुटे पैसे खिशात ठेवावेत आणि गाणं पूर्ण ऐकून मग द्यावेत. मेघनाथाची पूजाही याच दिवसांत असते. कॅमेरा काढण्याआधी विचारावं.

सहावा दिवस: धूळघाट आणि परत

अकोला-खंडवा ही मीटरगेज गाडी धूळघाटावरून जायची. डोंगर चढायला रूळ स्वतःभोवती वळसा घेतात, ते पाहायला लोक मुद्दाम येत. अकोट-खंडवा पट्ट्यावरची ती गाडी 2017 मध्ये बंद झाली. अकोल्याकडून रुंदीकरण झालं ते अकोटपर्यंत. पुढचा मार्ग वाघांच्या क्षेत्रातून न्यायचा की बाहेरून, यावर वर्षं गेली. स्थानकाजवळच्या एका काकांनी सांगितलं, गाडी होती तेव्हा टोपलीभर सीताफळं घेऊन बायका सकाळी खंडव्याला जायच्या आणि रात्री घरी यायच्या.

परत आल्यावर

16 जून 2025 ला जनगणनेची अधिसूचना निघाली आणि मी आधी तारखा पाहिल्या. महाराष्ट्रात माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये, संदर्भदिन 1 मार्च. 2011 ची मोजणीही 9 ते 28 फेब्रुवारीचीच होती. त्या पूर्ण काळात जो घरी नसतो, तो जिथं सापडेल तिथं मोजला जातो. 2027 ची होळी मार्चच्या उत्तरार्धात आहे. म्हणजे मोजणीदार मेळघाटात फिरत असेल तेव्हा परतवाड्याच्या बस स्थानकावर भेटलेली ती बाई आणि तिच्यासारखी हजारो माणसं भट्टीवर असणार. मतदार यादीत नाव गावात, आणि शिरगणतीत माणूस भलत्याच तालुक्यात.

मतदारसंघांच्या आजच्या सीमा 2001 च्या जनगणनेवरून आखून 2008 मध्ये लागू झाल्या. पुढची फेररचना 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे. राखीव जागा किती आणि कुठं, हेही त्याच आकड्यांतून ठरतं. आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, रेशनचा कोटा यांनाही लोकसंख्येचाच आधार लागतो.

भावाशी फोनवर बोलले. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी शाळांत हंगामी वसतिगृह चालतं, आणि त्यासाठी गुरुजी दर वर्षी कोणत्या घरातले आईवडील कधी गेले, कुठं गेले, याची नोंद ठेवतात. तो आणि त्याचे जुने सहकारी आता गावोगावच्या या नोंदी एकत्र करताहेत. त्या तहसील कार्यालयात द्यायच्या, आणि ज्या तालुक्यांत भट्ट्या आहेत तिथल्या मोजणीदारांना भट्टीनिहाय यादी आधीच मिळावी, अशी मागणी करायची, म्हणजे निदान भट्टीवरचं एकही लेकरू मोजायचं राहणार नाही. चिखलदरा तालुक्याच्या नोंदी अजून जमायच्या आहेत. तिथल्या शाळांवर कुणी ओळखीचं असेल तर त्यांना हे नक्की सांगा.